उत्तर आलं की थांबायचं

ही गोष्ट ऐकीव नाही. माझ्या सख्ख्या धाकट्या बहिणीच्या बाबतीत घडली आणि शेवटी मी स्वतः तिथे हजर होते. विश्वास ठेवायचा की नाही, तुमचं तुम्ही ठरवा. कुणाला पटवत बसायचं माझं वय राहिलेलं नाही.

रात्र नव्हती. उन्हाळ्याच्या सुट्टीतली भर दुपार होती. शाळा रिकामी.

बहीण त्या शाळेत विज्ञान शिकवायची. सगळे तिला बाई म्हणायचे, म्हणून मीही इथे बाईच म्हणते.

तळमजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीत तिने भूकंपमापक बसवून घेतला होता. जमिनीत खोल पुरलेला सिमेंटचा ओटा, त्यावर पेटी, पेटीत स्प्रिंगला टांगलेलं वजन. जमीन जराशी हलली तरी शेजारच्या कॉम्प्युटरवरची रेघ थरथरायची. नवा वर्ग आला की बाई पोरांना एकदम उड्या मारायला लावायची. रेघ उसळली की पोरं खिदळायची. शिपाईकाकांनी त्या यंत्राचं नाव ‘चहाडखोर’ ठेवलं होतं. म्हणायचे, आता चहाला सटकायचीही सोय राहिली नाही, बाईंना माझी पावलं दिसतात.

खरंच दिसायची. पाण्याचा पंप, लोखंडी फाटक, रस्त्यावरचा ट्रक... नुसत्या रेघेवरून ती ओळखायची.

तिची ती शेवटची सुट्टी. निवृत्त झाली होती. सामान बांधून तयार होतं. लेक तिला आपल्याकडे न्यायला येणार होती. नव्या बाईंना यंत्र समजावून द्यायचं, तेवढंच राहिलं होतं.

त्या दुपारी रेघ अगदी सरळ होती.

आणि मग...

तीन बारीक टोकं उठली.

जरा वेळ काही नाही. पुन्हा तीन.

बाईला वाटलं, पंप असेल. काकांना सांगून पंप बंद करवला. पंखा बंद केला. शेवटी काकांनाच रस्त्यापलीकडे झाडाखाली जाऊन बसायला सांगितलं. काका कुरकुरत गेले. इमारतीत आता ती एकटी.

सगळीकडे शांत.

रेघेवर पुन्हा तीन... थांबून... पुन्हा तीन.

बाईच्या अंगावर सर्रकन काटा आला. कारण ती खूण तिला पाठ होती.

आम्ही दोघी लहानपणी याच जागेवरच्या जुन्या शाळेत शिकलो. तिथले मुख्याध्यापक बजावून सांगायचे, ढिगाऱ्याखाली अडकलात तर ओरडू नका, घशात धूळ जाते. हाताला लागेल त्याने तीनदा ठोका, थांबा, ऐका. वरून तीन ठोके आले की समजा, माणसं येताहेत. मग ठोकणं थांबवायचं. गप्प बसायचं. श्वास जपायचा.

आणि एक दिवस खरोखरच भूकंपात ती शाळा कोसळली. मी तोवर मोठ्या शाळेत गेले होते. बाई गालगुंड होऊन घरी होती, म्हणून वाचली. तिचा वर्ग खाली गेला. तिच्या बाकावरची मैत्रीण, जिला सगळे चिमणी म्हणायचे, तीसुद्धा. वर इतका आकांत होता की खालचं कुणालाच ऐकू आलं नाही. चिमणीला काढलं तेव्हा तिच्या मुठीत दगड होता.

त्या पोरांना उत्तर मिळालंच नव्हतं.

बाई ओट्याजवळ गुडघ्यांवर बसली. कान लावला. काहीच ऐकू आलं नाही. मग तिने लाकडी डस्टर उचलला आणि ओट्यावर तीनदा ठोकला. तिसरा ठोका जोरात. वर्ग गप्प करताना ती तसाच ठोकायची.

ती वाट बघत राहिली.

रेघ सरळ.

ठोके थांबले होते...

संध्याकाळी ती माझ्याकडे आली, ती खुशीतच. मला मात्र घाम फुटला.

“कुणाला उत्तर देऊन आलीस तू?”

“चिमणीला.”

“अगं, उत्तर दिलं म्हणजे काय सांगितलंस, कळतंय का तुला?”

“येते म्हणून सांगितलं,” ती म्हणाली. “कशी गप्प बसलीत गं सगळी. माझी वाट बघत.”

दुसऱ्या दिवशी तिने बांधलेलं सामान सोडलं. लेकीला कळवलं, इतक्यात येत नाही. लेक माझ्यावर चिडली, मावशी, तूच तिच्या डोक्यात काहीतरी भरवलंस.

बाई रोज दुपारी त्या खोलीत जाऊन बसायची. यंत्राकडे बघायचीसुद्धा नाही. नुसती बसायची.

शाळा उघडायच्या आतच ती गेली. ओट्याशेजारच्या खुर्चीत काकांना सापडली. डॉक्टर म्हणाले, हृदय. असेल.

पण तिचे दोन्ही तळहात चुन्याच्या धुळीने पांढरे होते.

नवी इमारत सिमेंटची. खोलीत फरशी. चुन्याच्या भिंती होत्या त्या जुन्या शाळेला...

तिचं दिवसकार्य झालं आणि नव्या बाईंनी मला तातडीने बोलावून घेतलं. पंप बंद होता. पंखा बंद होता. काकांना त्यांनी आधीच बाहेर पाठवलं होतं. बाईने शिकवून ठेवल्याप्रमाणे सगळं.

रेघेवर तीन टोकं उठली.

तिसरं... पहिल्या दोहोंपेक्षा उंच.

नव्या बाईंचा चेहरा उतरला होता. हातात डस्टर होता.

“मावशी, खाली कुणीतरी आहे. उत्तर देऊ?”

मी त्यांचं मनगट घट्ट धरलं. डस्टर काढून घेतला. तो अजून माझ्या कपाटात आहे.

यंत्र शाळेत तसंच आहे. पोरं अजून उड्या मारतात, खिदळतात. माझं घर शाळेच्या मागेच. दुपारी जेवण आटोपून मी टेबलाशी बसते, तेव्हा कधीकधी भांड्यातल्या पाण्यावर वलयं उठतात. तीनदा. तिसरं जरा मोठं.

मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसते.

धाकटी बहीण आहे ती माझी. तिने हाक मारली आणि मी ओ दिली नाही, असं आयुष्यात कधी झालं नव्हतं...

वलयं अजून थांबत नाहीत.