तिसरा ठोका

रुख्मिणी घाबरट आहे, हे साऱ्या गावाला माहीत होतं. मागून कुणी हाक मारली तरी तिच्या हातातलं भांडं खाली पडायचं. आदिलाबादच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती, पण मांजर आडवं गेलं की पाच मिनिटं जागची हलायची नाही. त्यामुळे एक्क्याण्णवच्या डिसेंबरात जे घडलं, ते तिनं बरीच वर्षं कुणाला सांगितलंच नाही. सांगितलं असतं तर लोक हसले असते, आणि हसणाऱ्यांत पहिला तिचा भाऊ खुशाल असता. खरं तर तो सोबतच होता.

काम साधंच होतं. इचोड्याहून मोटारसायकल आणायची. दिवाळीत खुशालची गाडी कापसाच्या बैलबंडीवर आदळली आणि पुढचा चिमटा वाकला. पुढचं चाक ज्या दोन नळ्यांत धरलेलं असतं ना, तो चिमटा. गाडी अमृतराव मिस्त्रीकडे पडून होती. दुसऱ्या दिवशी त्याच गाडीवरून खुशालला निर्मलला जायचं होतं, रेणुकावहिनीला आणि चार महिन्यांच्या बाळाला आणायला. मधे घाट. बाळ अजून बापाच्या घरी आलेलंच नव्हतं.

अमृतरावाची एक रीत होती. तंबाखू खाणारा माणूस. खिशात तंबाखू-चुन्याची डबी कायम. बोल्ट कसला की बोटानं थोडा चुना घ्यायचा आणि बोल्टावरून त्याच्या बुडाच्या लोखंडावर एक सरळ रेघ ओढायची. बोल्ट जरा जरी फिरला की रेघ तुटते. मग पान्यानं नळीवर तीन ठोके. टक, टक, टक. तिसरा ठोका पडला की काम झालं. गिऱ्हाइकाला तो एवढंच सांगायचा, "रेघ तुटली तं मले इचार. नाई तुटली तं बिनघोर जाय."

मंगळवारी अमृतराव दुकानातच वारला. खुशालच्याच गाडीसमोर बसलेला, हातात पाना तसाच. आणि शनिवारी त्याच्या बायकोचा निरोप आला की गाडी तयार आहे, घेऊन जा.

दोघं पोचले तेव्हा दुपार कलली होती. दुकानात जळक्या ऑइलचा आणि उदबत्तीचा वास एकमेकांत मिसळून राहिला होता. भागाबाई, अमृतरावाची बायको, कोपऱ्यात पोत्यावर बसल्या होत्या.  खुशालनं वाकून पाहिलं. चिमट्याच्या नळ्या दोन पट्ट्यांत धरलेल्या; वरच्या पट्टीत दोन बोल्ट, खालच्या पट्टीत दोन. चारींवर पांढऱ्या रेघा. त्याला तेवढं पुरलं. रुख्मिणीला मात्र वाटलं, वरच्या रेघा बारीक, दोऱ्यासारख्या आहेत, आणि खालच्या जाड. कपाळाला गंध लावावं तशा. पण बोलली असती तर खुशालनं बोल्टालाही भ्यायलीस का म्हणून चिडवलं असतं.

खुशालनं सहज, भागाबाईंचं मन राखायला म्हणून, स्वतः खात नसतानाही काकांच्या डबीतली चिमूटभर तंबाखू मागितली.

"डबी त्याइच्या संगंच देली बापा," भागाबाई म्हणाल्या. "चितेवर. चुना म्या पानवाल्याकून आनला."

त्या वाक्यात काय होतं, ते दोघांपैकी कुणाच्याही ध्यानात आलं नाही.

मोठ्या रस्त्यावर ट्रकांच्या आवाजात काही कळलं नाही. पण गाडी गावाच्या कच्च्या रस्त्याला लागली, दोन्हीकडे सागाचं रान सुरू झालं, ऊन पानांवरून निघून गेलं, आणि पुढून आवाज आला. टक. टक.

मग काहीच नाही.

रुख्मिणी वाट पाहत राहिली. थोड्या वेळानं पुन्हा. टक. टक. तिसरा नाही.

"दादा, थांब."

खुशालनं मान न वळवता सांगितलं, की मडगार्डात खडा अडकला असेल, आणि तिला आणायलाच नको होतं. ती दोनदा म्हणाली, तीनदा म्हणाली, शेवटी त्याची कॉलर धरली. मग एका नाल्याच्या पुलावर त्यानं चिडून गाडी थांबवली आणि इंजिन बंद केलं. तिला ऐकवायलाच जणू.

रान एकदम गप्प झालं. पाखरूसुद्धा नाही. फक्त तापलेल्या इंजिनाचा वास.

टक. टक.

दोघंही गाडीपासून चार हात लांब उभी होती.

"इंजिन थंडं होऊन राह्यलं," खुशाल म्हणाला. पण हळू म्हणाला.

त्या क्षणी रुख्मिणी दचकली नाही. का, ते तिला कधीच सांगता आलं नाही. गाडी मोठ्या स्टँडवर घेऊन मागून दाबून धरायला तिनं भावाला सांगितलं. पुढचं चाक अधांतरी झालं. ती चाकासमोर उकिडवी बसली, दोन्ही नळ्या खालून मुठीत धरल्या, आणि अमृतराव करायचा तसं आपल्याकडे ओढलं, मग मागं ढकललं. नळ्या हलल्या. खालच्या पट्टीत चांगल्या बोटभर हलल्या. तिनं खालच्या बोल्टाला बोट लावलं तर तो नुसत्या बोटानं फिरला. वाळलेल्या चुन्याचा पोपडा तिच्या नखात आला.

आणि मग तिला भागाबाई कळल्या. जन्मभर त्या बाईनं नवऱ्याला गाडी देण्याआधी चुना लावताना पाहिलं होतं. ती खूण आहे, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. ती तीट समजली, नजर लागू नये म्हणून लावलेली. वरचे दोन कसून अमृतराव गेला. खालचे दोन कोरे दिसले, तेव्हा मेलेल्या माणसाचं काम अर्धं राहू नये म्हणून बिचारीनं स्वतःच्या बोटानं पूर्ण केलं.

खुशालनं डिकीतला पाना काढला. उजवा बोल्ट बसला. डावा फिरत राहिला. फिरत राहिला, फिरतच राहिला.

"आटे गेले याचे," रुख्मिणी म्हणाली.

"बसला, बसला."

"दादा, नाई बसला."

"तू गप बस व. घरापर्यंत जाते आरामात. उद्याचं उद्या पाहू."

घरी येईपर्यंत गाडी बैलाच्या चालीनं आली. समोरच्या दाराबाहेर ओसरीवर लावली. रुख्मिणीनं आईला, मथुराबाईला, एवढंच सांगितलं की गाडी नीट नाही. जेवताना खुशाल म्हणाला की सकाळी तार गुंडाळून जाईन, घाटात हळू चालवीन. मथुराबाई म्हणाली, तुले समजते बापा.  रुख्मिणीच्या डोळ्यांसमोर ती डावी नळी होती, वहिनी होती, आणि वहिनीच्या मांडीवरचं टोपडं.

समोरच्या दाराची कडी रात्री तिनंच लावली. आतून.

पहाटे खुशाल तार आणि पक्कड घेऊन दाराकडे गेला आणि तिथंच थांबला. बराच वेळ थांबला, म्हणून ती उठून गेली.

कडीवरून चौकटीपर्यंत एक पांढरी रेघ होती. बारीक, दोऱ्यासारखी. ओली. घरात तंबाखू खाणारं कुणी नव्हतं, चुन्याची डबी नव्हती. आणि दाराजवळ तंबाखूचा, ग्रीसचा वास भरून होता.

"तू काढली?" खुशालनं विचारलं.

तिनं नकारार्थी मान हलवली.

"आईनं?"

"दादा... रेघ तोडू नको."

तो हसेल असं तिला वाटलं. हसला नाही. तार त्यानं खुंटीला अडकवली, चावी तिच्या हातात दिली.

"बशीनं जातो," म्हणाला, आणि मागच्या दारानं गेला.

चुना वाळायला वेळ लागत नाही. ऊन वर आलं तरी रेघ ओली होती. पहाटेच मागून शेतात गेलेली मथुराबाई दुपारी आली, तिला रुख्मिणीनं मागच्या दारानंच यायला सांगितलं. आईनं रेघ पाहिली आणि तोंडाला पदर लावला. दोघी दिवसभर त्या समोरच्या खोलीत गेल्या नाहीत. ओसरीवरून मधूनच आवाज यायचा. टक. टक. मग नुसती शांतता, आणि त्या शांततेत दोघी मोजत राहायच्या.

दिवेलागणीला मागच्या अंगणात बोलणं ऐकू आलं. खुशाल, वहिनी. बस घाटात तास दीड तास अडकली म्हणून वहिनी कुरकुरत होती; गाडी असती तर केव्हाच आलो असतो, म्हणत होती. मथुराबाईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. बाळ रुख्मिणीच्या हातात आलं. ऊबदार, झोपलेलं, दुधाचा वास येणारं. इतकं धड, की तिला रडू फुटलं. कंदील वहिनीच्या हाती होता. ती सरळ समोरच्या खोलीत गेली, तिला काही ठाऊक नव्हतं. आणि बाळाला घेऊन रुख्मिणीही नकळत तिच्या मागं गेली.

रेघ वाळली होती. पांढरी, अख्खी, कुठंही न तुटलेली.

ओसरीवर वाजलं. टक. टक.

रुख्मिणीनं बाळाला छातीशी धरलं.

तिसरा ठोका पडला. लोखंडावर नाही, दाराच्या लाकडावर. आणि आतल्या बाजूनं.