तळ्यातला खालचा माणूस

“कोळ्याचं जाळं!”

“मासे धरायचं जाळं!”

“रस्त्यांचं जाळं!”

“नेट! म्हणजे इंटरनेट! म्हणजे माहितीचं जाळं!” ठोंब्या दणक्यात ओरडला.

“एकाची तीन करून सांगू नकोस,” पोथी म्हणाली. “एकच धरणार.”

तळ्याच्या पायऱ्यांवर सकाळी सकाळी हा खेळ रंगला होता. पुन्हा तेच सांगायचं नाही आणि अडला तो बाद. खेळ पोथीचा होता. शेजारची ही मुलगी हातात येईल ते वाचायची, अगदी पुड्याचा कागदसुद्धा, म्हणून तिचं नाव पोथी. ठोंब्या सुट्टीत मावशीकडे आलेला. आणि भिंगरी म्हणजे त्या मावशीची तेरा वर्षांची मुलगी. ती एका जागी कधी बसत नसे. या सुट्टीत मात्र बसू लागली होती.

“डोळ्यांखालचं सुरकुत्यांचं जाळं,” भिंगरी म्हणाली.

“लबाडीचं जाळं!” पोथीकडे उत्तर तयारच होतं. “चल ठोंब्या, तुझी पाळी.”

ठोंब्याने डोकं खाजवलं. पाण्यावर पांढुरकी वाफ तरंगत होती आणि त्यातून सात-आठ बदकं येत होती. “बदकाचा पाय!” तो म्हणाला.

“तो पडदा असतो. जाळं नाही.”

“बोटांना बोटं जोडतं ते जाळंच! नीट बघ तरी!”

म्हणून तिघंही सगळ्यात पुढच्या बदकाकडे डोळे रोखून बघत होती, आणि म्हणूनच तिघांनाही ते दिसलं.

बदक खाली गेलं.

ती बुडी नव्हती. बुडी मारताना बदक आधी डोकं खाली घालतं. हे बसल्या जागी गेलं, शेपटीकडून, जणू कोणी खालून पाय धरला. अर्धाच आवाज निघाला. पाणी मिटलं. बाकीची बदकं एकही आवाज न करता वळली आणि वाफेत नाहीशी झाली.

तिघं वाट बघत राहिली. बदक वर आलं नाही.

“सुसर!” ठोंब्या पुटपुटला.

“या तळ्यात सुसर नाही,” भिंगरी म्हणाली.

“ए पोरांनो! पाण्यापासून लांब व्हा!” नावाडीकाका पायऱ्या उतरत ओरडत होते. बदकाचं ऐकल्यावर त्यांचा चेहरा उतरला. “अजून एक गेलं? हिवाळ्यात फक्त बुडी मारणारी जात होती. मग पोहणारीही जायला लागली. परवा त्याने माझं वल्हं धरलं. असं धरलं, की मी सोडूनच दिलं! वर येतोय तो. हळूहळू वर येतोय.”

“कोण?” ठोंब्याने विचारलं.

काकांची नजर भिंगरीकडे गेली. “कोणी नाही. घरी जा तुम्ही.”

ते गेल्यावर भिंगरीनेच सांगितलं, “माझे बाबा. असं म्हणतात लोक.”

बाबा जाळी विणायचे आणि दुरुस्त करायचे. तळ्यावरच्या सगळ्या होड्यांची जाळी त्यांच्या हातची. हिवाळ्यात ते गेले. दवाखान्यात, पलंगावर. पण त्याच सुमारास बदकं नाहीशी होऊ लागली आणि लोकांनी दोन्हींची गाठ मारली. जन्मभर पाण्यात जाळी सोडली, आता स्वतःच खाली बसून ओढतोय, असं कोणीतरी बोललं आणि ते सगळीकडे पसरलं. त्यानंतर बाबांच्या कामाच्या शेडमध्ये दुरुस्तीला एकही जाळं आलं नाही.

“या आठवड्यात आई शेड रिकामी करणार आहे. मग आम्ही तुझ्याकडेच येणार राहायला.”

“खरंच? अरे वा!” ठोंब्या म्हणाला, आणि लगेच त्याचे कान लाल झाले. “म्हणजे... तसं नाही गं.”

“कळलं मला,” भिंगरी म्हणाली.

एक गोष्ट तिने सांगितली नाही. मागच्या आठवड्यात ती एकटीच इथे आली होती. शेवटच्या पायरीवर बसून तिने कोपरापर्यंत हात पाण्यात घातला होता आणि बराच वेळ तसाच ठेवला होता. कोणी धरला नव्हता.

*

दुपारी वारा पडला. तळ्याकाठून घरी परत जाताना लव्हाळ्यात काहीतरी फडफडलं.

“बदक आहे! लंगडतंय!” ठोंब्याने शर्ट काढला, एका झेपेत बदकावर टाकला आणि बदकासकट चिखलात बसला. “धरलं! चावतंय! पण धरलंय!”

पायाच्या बोटांमधला पडदा चिरला होता. दातांनी फाटावा तसा नाही, पट्टीने आखावी तशी सरळ, बारीक चीर. आणि घोट्याभोवती काहीतरी करकचून रुतलं होतं.

“सुसर दोरा वापरते का रे?” पोथीने विचारलं.

तिघं धावतच शेडमध्ये गेली. आत आई एकटीच होती. छताच्या आकड्यांवरून एकेक जाळं उतरवून घडी घालत होती. बाबांच्या स्टुलाजवळ, खिडकीच्या चौकटीत, कोळ्याने घर केलं होतं. तेवढा कोपरा तिने झाडला नव्हता.

“मावशी, रुग्ण आणलाय!”

आईने बदक मांडीवर घेतलं, पंख दाबून धरले आणि छोट्या कात्रीने दोरा अलगद कापला. मग तो उजेडात धरला. दोरा हिरवा होता.

“हा कुठे सापडला?” तिचा आवाज बदलला.

“याच्या पायात. का गं?”

“हिरवा दोरा आपण एकदाच आणला. मागच्या उन्हाळ्यात तळ्याकाठच्या क्लबच्या पोहण्याच्या शर्यती झाल्या ना, तेव्हा मुलांनी खोल पाण्यात जाऊ नये म्हणून बाबांनी कुंपणाचं जाळं विणलं होतं. पाण्यात रोवलेल्या दोन खांबांना बांधलेलं. पण ते तर क्लबने शर्यतीनंतर लगेच काढलं. सचिव स्वतः सांगून गेले होते.”

“त्यांनी काढलं?” भिंगरीने विचारलं. “बाबांनी नाही?”

“तेव्हा बाबा आजारी पडले होते.” आईने बदक टोपलीत ठेवलं. “जाऊ दे. असेल एखादा तुकडा राहिलेला.”

पण भिंगरी दारापर्यंत पोचलीसुद्धा होती.

*

क्लबच्या व्हरांड्यात सभासद चहा पीत बसले होते. वर छताखाली लाल-पिवळ्या गोळ्यांची लांबलचक माळ टांगलेली. प्रत्येक गोळ्यावर हसरा चेहरा रंगवलेला. सचिव खुर्चीवर चढून त्यातला एक सरळ करत होते. भिंगरीने त्यांना शर्यतीच्या जाळ्याबद्दल विचारलं.

“जाळं? आहे की गोदामात! नीट घडी करून ठेवलंय,” ते वळून न बघताच म्हणाले.

“दाखवता?”

“किल्ली सापडत नाही. आणि काय गं, सुट्टीत पोरांना दुसरे उद्योग नाहीत?”

भिंगरी माळेकडे बघत होती. एका गोळ्याच्या कडीत जुन्या दोरीचा बोटभर तुकडा अडकला होता. रंगाखालूनही त्यावरची गाठ ओळखू येत होती. दोन वेढे घेऊन टोक आत वळवलेली. ओली झाली की ही गाठ आणखी घट्ट बसते, सुटत नाही. बाबांनी तिला शिकवली होती. दोरी गाठीच्या पुढे सुरीने कापलेली होती.

तिने पोथीचं कोपर दाबलं आणि तिघं खाली पायऱ्यांवर आली.

“ते गोळे जाळ्याचे आहेत,” ती हळू आवाजात म्हणाली. “जाळं पाण्यावर तरंगत राहावं म्हणून वरच्या काठाला बांधतात. गाठी सुटेनात म्हणून यांनी कापून काढले. शोभेसाठी! आणि जाळं तसंच सोडलं.”

“मग ते तळाला जाऊन बसलं असेल,” ठोंब्या म्हणाला. “तळाशी बदकं कशी अडकतील?”

“मधलं तळाला गेलं. दोन्ही टोकं खांबांनाच आहेत.”

“खांब कुठे दिसतात पण?”

समोर पाणी हिरवं, जाड, काचेसारखं निश्चल. कुठेही खांब नव्हता. पोथी पायऱ्यांवरच्या शेवाळाच्या रेषा बघत होती. हिवाळ्यात पाणी कुठवर होतं, मागच्या महिन्यात कुठवर, सगळं दगडावर उमटलेलं. एकाखाली एक पायऱ्या उघड्या पडत गेलेल्या.

ती एकदम उभी राहिली.

“तो वर येत नाहीये!” ती म्हणाली. “पाणी खाली जातंय!”

ठोंब्याही उठून त्या रेषा बघू लागला.

“पावसाळ्यात तळं भरलं, खांब बुडाले, जाळ्याची टोकंही खोल गेली. म्हणून हिवाळ्यात फक्त बुडी मारणारी बदकं अडकली. पाणी उतरलं, तसा जाळ्याचा काठ वरच्या पाण्याजवळ आला. मग पोहणारी बदकं. मग वल्हं!”

“आता सांगू या सगळ्यांना!” ठोंब्या म्हणाला.

“सांगून कोण ऐकणार? पोरं बापाची बाजू घेतात म्हणतील,” भिंगरी म्हणाली. “त्यांच्या हातात द्यायला हवं. अगदी हातात.”

पोथीच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. ती पुन्हा व्हरांड्यात गेली आणि सगळ्या सभासदांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “सचिवकाका! तळ्याला लोक घाबरतात, पण तुम्ही मुळीच घाबरत नाही ना? शाळेच्या अंकात तुमच्यावर लिहायचंय. स्वतः होडी वल्हवताना एक फोटो हवा.”

“घाबरायचं काय त्यात!” सचिव खुर्चीवरून उतरले. “अंधश्रद्धा सगळी!”

“मग त्या बाजूला न्याल? नावाडीकाकांचं वल्हं धरलं तिथे?”

सभासदांनी चहाचे कप खाली ठेवले. आता नाही म्हणायची सोय नव्हती.

*

होडीत सचिव वल्ह्यांवर, नावाडीकाका मागे आणि मध्ये भिंगरी आणि ठोंब्या. भिंगरीच्या पायाशी लोखंडी आकडी लावलेली लांब काठी होती. पोथी काठावर सभासदांबरोबर उभी राहिली.

वल्ह्यांचा आवाज सोडला तर सगळं शांत होतं. एक पक्षी नाही. होडी पुढे सरकली तशी काठावरची बोलणीही ऐकू येईनाशी झाली. पाण्यातून एक थंड, कुजका वास येऊ लागला.

“इथेच होतं,” नावाडीकाका कुजबुजले.

“हॅ! काही नाही इथे. बघा, डावं वल्हं, उजवं व...”

उजवं वल्हं वर आलं नाही.

सचिवांनी ओढलं. वल्हं जरासं आलं आणि पुन्हा खाली गेलं. एक सावकाश, जड ओढ. होडी त्या बाजूला कलली.

“सोडा! अहो, सोडा ते!” काका ओरडले.

“मी धरलंच नाहीये! त्याने धरलंय! ओढतोय! मला ओढतोय!” सचिवांचा आवाज पार चिरकला. वल्हं टाकून ते होडीच्या तळाशी बसले आणि त्यांनी ठोंब्याचा पाय घट्ट मिठीत घेतला.

भिंगरीने वल्हं पकडलं. ओढ तिच्या हातांत आली. ती माणसाच्या हातासारखीच होती, मऊ आणि चिवट. क्षणभर ते सोडवावं असं तिला वाटेना.

मग तिने आकडी खाली घातली. “ठोंब्या, ओढ!”

“पाय मोकळा नाही! हातांनी ओढतो!”

काकाही पुढे आले. तिघांनी मिळून ओढलं. हिरव्या पाण्यात खाली काहीतरी रुंद, काळपट हललं आणि सगळंच एकदम वर येऊ लागलं. शेवाळाच्या झिपऱ्या लोंबत होत्या. त्यांत पिसं होती, चोची होत्या, पांढरी बारीक हाडं होती. सकाळचं बदक सगळ्यात वर होतं, पंख पसरलेलं, जणू अजून उडायच्या बेतात.

भिंगरीने वरचा काठ हाताने पुसला. शेवाळाखाली हिरवा दोरा होता. आणि हातहातभर अंतरावर सुरीने कापलेली दोरीची टोकं.

“हा बघा तुमचा खालचा माणूस,” ती म्हणाली. “गोळे तुमच्या व्हरांड्यात हसतायत. बाकीचा इथे आहे.”

*

काठावर गर्दी जमली होती. खांबांपासून कापून आणलेलं जाळं पायऱ्यांवर पसरलं होतं. पोथीने व्हरांड्यातून एक हसरा गोळा आणून त्याच्या काठाला लावून दाखवला. दोरीला दोरी जुळली.

सचिव टॉवेल गुंडाळून बसले होते. “क्लबचा कार्यक्रम तोंडावर आला होता,” ते खाली मान घालून म्हणाले. “सजावटीला गोळे लागणारच होते. जाळं नंतर काढू म्हटलं. मग पाऊस लागला... माझ्या लक्षातूनच गेलं. चूक माझी. जाळीवाल्यांचा यात काही संबंध नाही.”

“हे मोठ्याने सांगा,” नावाडीकाका म्हणाले. “महिनोन्‌महिने आपण त्या माणसाला काय काय म्हणत होतो! मीही म्हणत होतो.” मग ते मुलांकडे वळले. “आम्ही जाणती माणसं घाबरून बसलो. तुम्ही तिघांनी डोकं चालवलंत. शाब्बास रे पोरांनो! उद्या मुलं पोहायला उतरली असती तर?”

“शाब्बास काय नुसतं, सत्कार करायला हवा!” एक सभासद म्हणाला.

“बिस्किटं चालतील,” ठोंब्या म्हणाला. सगळे हसले.

आई गर्दीतून पुढे आली होती. ती जाळ्याजवळ बसली आणि कापलेल्या टोकांवरून एकेक करत बोट फिरवू लागली.

“दवाखान्यात ते सारखे विचारायचे,” ती कोणाकडेही न बघता म्हणाली. “‘बोलावलं का त्यांनी?’ रोज. ‘बोलावलं का?’ मला वाटलं, तापात बरळतायत. मी म्हणायची, हो, बोलावलंय, तुम्ही झोपा.”

सचिवांनी टॉवेलात तोंड लपवलं.

“त्या गाठी दुसऱ्या कोणाला सुटणार नाहीत, हे त्यांना माहीत होतं. जाळं काढायला बोलावतील, म्हणून वाट बघत होते,” आई म्हणाली.

भिंगरी तिच्याशेजारी बसली. नावाडीकाका होडीकडे गेले आणि स्वतःचं फाटकं जाळं खांद्यावर टाकून आले. “वहिनी,” ते अडखळत म्हणाले, “हे केव्हापासून असंच पडलंय. शेड उघडी असेल ना उद्या?”

आईने जाळं हातात घेतलं, ताणून बघितलं, फाटलेल्या जागेतून आरपार त्यांच्याकडे पाहिलं.

“सकाळी आणा,” ती म्हणाली. “आणि धुऊन आणा.”

मग ती आणि भिंगरी मिळून हिरव्या जाळ्यातली बदकं एकेक करून सोडवू लागल्या. अंधार पडायच्या आत ते काम संपवायचं होतं.