रिकामं मशीन

सातिवलीच्या गाळ्यात केयूर एकटाच काम करायचा. भौतिकशास्त्राची पदवी घेता घेता त्याला जुन्या संगणकांचा नाद लागला होता. मोडीत निघालेली यंत्रं दुरुस्त करायची, त्यांचा वेग मोजायचा, जमेल तेवढा वाढवायचा. आई-बाबा भावाकडे बडोद्याला गेल्यापासून त्याच्याशी बोलायला आलाच तर शेजारच्या गाळ्यातला माणूस यायचा, तोही पाना मागायला.

राजोडीच्या सालोमी आंटींनी नवऱ्याचा फ्लॉपीच्या जमान्यातला संगणक आणून ठेवला. आग्नेल अंकल मागच्या वर्षी गेले होते.

"मला त्यातलं काय कळत नाय," आंटी म्हणाल्या. "नुसता लावून ठेवते. घरात कोनीतरी असल्यासारखं वाटतं. मधेच बंद पडतो, तेवढं बघ."

कारण साधं होतं, पॉवर सप्लायमधले कपॅसिटर फुगले होते. ते बदलून केयूरने सवयीने वेगाची चाचणी लावली. आकडा कमी आला. वेगाचा दहावा हिस्सा कुठेतरी जात होता.

हे पटण्यासारखं नव्हतं. त्या काळचं मशीन एका वेळी एकच काम करतं. त्याने साउंड कार्ड काढलं, हार्ड डिस्क काढली, फ्लॉपीवरून सुरू करून पाहिलं. मेमरी बदलली. दहावा हिस्सा जातच राहिला.

शनिवारी आंटी चौकशीला आल्या, सोबत पाव आणि बोंबलाची चटणी घेऊन. स्टुलावर बसून त्या गावच्या गोष्टी सांगू लागल्या. किनाऱ्यावरची गर्दी, रिसॉर्टवाल्यांचा गोंगाट, गावातल्या मर्विनच्या बोटीचं इंजिन.

वेगाची चाचणी चालूच होती. पडद्यावरचा आकडा निम्म्यावर आला.

पाव मोडायला त्या थांबल्या, तसा तो वर गेला. पुन्हा बोलू लागल्या, पुन्हा उतरला.

"मर्विनचं काय म्हणालात आंटी?" केयूरने मुद्दाम विचारलं. त्याच्या बोलण्याने आकडा हलला नाही. आंटींच्या उत्तराने हलला.

आवाजाची कंपनं, कुठलातरी सैल सांधा, असं त्याने मनाशी ठरवलं. त्या गेल्यावर त्याने मशीनला ठोके देणारा क्रिस्टल काढला, नखाएवढी पत्र्याची डबी ती, आणि त्याच्या जागी नवा क्रिस्टल डाग देऊन बसवला. जुना शर्टाच्या खिशात टाकला.

आकडा पूर्ण आला.

दुसऱ्या दिवशी आंटी न्यायला आल्या, तेव्हा तो खुशीत म्हणाला, "आता एकदम रिकामं आहे मशीन." आत दुसरं काही चालत नाही, एवढंच त्याला म्हणायचं होतं.

आंटींनी मशीनवर हात ठेवला. घरच्या बोलीत हळू आवाजात काहीतरी बोलल्या. बराच वेळ बोलल्या.

आकडा हलला नाही.

"रिकामाच केलास रे," त्या म्हणाल्या. "काय काढलंस यातनं?"

"एक जुना भाग होता."

"तो परत बसव. बंद पडला तरी चालंल मला."

क्रिस्टल शर्टातून छातीला कोमट लागत होता. सकाळी शर्ट बदलताना त्याने तो आठवणीने या खिशात घेतला होता. का, ते त्याला सांगता आलं नसतं. एरवी गाळ्यात दिवसभर चालणारी गाणी कालपासून त्याला एकदाही लावावीशी वाटली नव्हती.

बसवायला फार वेळ लागला नसता.

"फेकून दिला, आंटी," केयूर म्हणाला.

आंटी त्याच्या तोंडाकडे बघत उभ्याच राहिल्या.

"अरे बोल की. बसवतोस ना?"

आणि मग कुठे, वेग उतरलेल्या मशीनसारखा उशिराने, त्याला त्याचाच आवाज पहिल्यांदा ऐकू आला.

"फेकून दिला, आंटी."