अर्ध्या मिनिटाची शांतता

कात्रीची आणि त्याची पहिली भेट रिकाम्या सभागृहात झाली, आणि तीसुद्धा तिला चार तासांनी कळली.

तांत्रिक कार्यशाळांचे व्हिडिओ कापून-जोडून ऑनलाइन टाकणं हे तिचं काम, म्हणून सगळे तिला कात्रीच म्हणत. दर शनिवारी वक्ते यायच्या आधी ती सभागृहाची अर्धं मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करी. बोलणं कापलं की त्या जागी ही शांतता भरायची, नाहीतर ऐकणाऱ्याला खड्डा जाणवतो. त्या शनिवारी दुपारी ऑफिसातल्या एडिटिंगच्या टेबलाशी बसून तिनं ती शांतता लावली, तर हेडफोनमध्ये कुणीतरी अगदी कानाशी म्हणालं, “ओढणी दारात अडकली होती तुझी...”

तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. अडकली होती खरी. पण आत तर चिटपाखरू नव्हतं!

दुसरी कुणी असती तर नोकरीला रामराम ठोकून मोकळी झाली असती. ही बया मात्र पुढच्या शनिवारी रेकॉर्डर सुरू करून रिकाम्या खुर्च्यांना दटावून आली, “लपून बघायला लाज नाही वाटत?”

टेबलाशी उत्तर ऐकू आलं, “वाटते ना. पण बघणं सुटत नाही.”

झालं! तिचा प्रश्न सभागृहात, त्याचं उत्तर टेबलाशी. तो कोण, कुठला, ते काही सांगेना. “सांगितलं तर यायची थांबशील,” एवढंच. एकदा तर त्याच्या श्वासानं हेडफोनमधला तिचा कान गार पडला, आणि ती खुळ्यासारखी हसत बसली.

आईनं स्थळांचा विषय काढला, तेव्हा ती म्हणाली, “एकजण आहे.”

“करतो काय?”

“गप्प असतो.”

“मग सुखी होशील,” आई म्हणाली.

आणि मग कळलं, सभागृह पाडणार. शेवटच्या कार्यशाळेच्या सकाळी तिनं धडधडत्या छातीनं विचारलं, “मी... आवडते तुला? आजच सांग. उद्या ही जागा नसेल.”

दुपारी टेबलाशी तिनं ऐकलं. आधी एक लांब श्वास. मग, “कात्री, मला तू—”

खट्!

सवयीनं तिनं सकाळी बरोबर तिसाव्या सेकंदाला रेकॉर्डरचं बटण दाबलं होतं. तिला रडूच कोसळलं. आजवर लोकांची वाक्यं कापली, आज स्वतःचंच कापून बसली.

ती तशीच धावत सुटली. सभागृहाच्या दारात पहारेकरी मामा कुलूप घेऊन उभे होते.

“मामा, दोनच मिनिटं!”

आतले दिवे काढून नेले होते. काळोखात तिला स्वतःचा हातही दिसेना. रेकॉर्डर टेबलावरच राहिला होता.

“बोल ना रे,” ती रडत म्हणाली. “आज बंद करायला काही आणलंच नाही मी.”

हेडफोन नसतानाही तिचा कान गार पडला.

“आवडतेस,” तो म्हणाला. “फार आवडतेस.”

कुणीतरी तिचा हात हातात घेतला. बर्फासारखा होता तो हात... तरी तिला सोडवावासा वाटेना.

मामांनी दारातून टॉर्च मारला. आधी तिच्यावर, मग तिच्या शेजारी.

“चला, दोघंही बाहेर या आता,” ते म्हणाले. “मला कुलूप लावायचंय.”