सायमी मावशीच्या सौनातली राख

जानेवारीतल्या एका शनिवारी, संध्याकाळी पाचच्या सुमारास, माझ्या भावाने आमच्या मावशीच्या शेतात तापलेल्या दगडांवर पाणी पडल्याचा आवाज ऐकला.

तिथे दगड नव्हते.

पाणी नव्हतं.

ज्या सौनात, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरात, ते दगड असायचे, तो सौनाच आम्ही सहा महिन्यांपूर्वी तिथून उचलून नेला होता.

हे घडलं आहे. मी स्वतः तिथे होते. गाव आमचंच, अमेरिकेतल्या लेक सुपीरियरच्या काठचं कोर्पीला. तांब्याच्या खाणी केव्हाच बंद पडल्या, आता गावात उरलेत ते खाणवाल्यांचे नातू-पणतू. मी इथल्या पेपरात काम करते. वाढवून लिहायची मला सवय नाही, म्हणून जसं झालं तसंच सांगते.

सायमी मावशीच्या वडिलांनी फिनलंडहून आल्यावर घराआधी सौना बांधला. लाकडी ओंडक्यांची एवढीशी खोली, कोपऱ्यात लोखंडी चूल, चुलीवर दगडांचा ढीग. मावशी तिथेच जन्मली. तिच्या आईला शेवटची आंघोळही तिथेच घातली. दर शनिवारी आम्ही सगळे तिथे जायचो. सर्वांत शेवटी निघणारा दगडांवर एक पळी पाणी जास्तीचं टाकायचा आणि दार लोटून घ्यायचा.

ती वाफ सौनाच्या अदृश्य राखणदाराची.

गावात कुणी त्यावर फार बोलत नाही. पण पाणी टाकायला कुणी विसरतही नाही.

मावशी वृद्धाश्रमात गेली, तेव्हा वारसा मंडळाने सौना मागितला. एकेक ओंडका सोडवून गावातल्या संग्रहालयाच्या आवारात पुन्हा उभा करायचा होता. काम रेइनोकडे, म्हणजे माझ्या धाकट्या भावाकडे आलं. तो सुतार आहे.

मावशीने एकच अट घातली.

"चुलीतली राख बादलीत भरून न्यायची. नव्या जागी आधी ती आत, मग तुम्ही. नाहीतर तो इथेच राहील."

रेइनो हो म्हणाला.

सौना हलवायच्या दिवशी मंडळाच्या कांगासबाई क्रेनवाल्याच्या मागे लागल्या होत्या. रेइनोने बादली शोधायला सुरुवात केली तशा त्या म्हणाल्या, "रेइनो, राखेत काय सोनं आहे का? तो क्रेनवाला निघाला तर ओंडके काय तुझ्या सासऱ्याच्या पाठीवरून नेणार?"

रेइनोने चूल तिथेच उलटी केली. राख मातीवर पडली.

मी शेजारी उभी होते. फोटो काढत होते.

संध्याकाळी आम्ही मावशीकडे गेलो. ती निसूचा, म्हणजे वेलदोड्याच्या गोड पावाचा, तुकडा कॉफीत बुडवून खात होती. तिने रेइनोला काही विचारलं नाही. मला विचारलं.

"तू पेपरातली. तू खोटं बोलायची नाहीस. आणली का राख?"

मी म्हटलं, "आणली."

नवा सौना दिसायला सुंदर होता. फक्त...

तो तापेना.

चुलीत ढलपीमागून ढलपी जळायची. दगड लाल व्हायचे. भिंती गारच. कांगासबाई कोट घालून आत बसल्या आणि म्हणाल्या, "फटी बुजवायला विसरलास वाटतं."

"बाई," रेइनो म्हणाला, "तुमच्या तोंडची वाफ आहे तेवढीच आहे आत. फटी असत्या तर तीही गेली असती."

आम्ही हसलो.

मग थंडी पडली, आणि मावशीची झोप उडाली. दर शनिवारी. तिथली परिचारिका म्हणायची, रात्रभर पलंगावर बसून असते, अर्धं पांघरूण पायथ्याकडे सारून देते.

मी विचारलं.

"माझ्या पायाशी कुणीतरी येऊन बसतं," मावशी म्हणाली. "म्हातारा आहे. बोलत नाही. नुसता कुडकुडतो... तुम्ही राख आणली होती ना गं? मग हा बिचारा कोण?"

ती वाळत चालली होती. मनगटं काटकीसारखी झाली होती.

त्या जानेवारीतल्या शनिवारी रेइनो कुणाला न सांगता बादली घेऊन शेतात गेला. थोड्या वेळाने त्याचा फोन आला.

"ताई, ये इकडे. एकट्याला नको वाटतंय."

शेतात कमरेएवढा बर्फ होता. सौनाच्या जागी मात्र...

काळी माती. कोरडी. बरोबर सौनाएवढी.

वारा नव्हता. रेइनोने तोंडावर बोट ठेवलं.

स्स्स्स...

अगदी जवळून. मग सौनात अंगावर मारतात त्या बर्चच्या ओल्या पाल्याचा वास आला. मग तोही गेला.

रेइनोने गुडघे टेकून राख गोळा केली. मी बादली धरली.

राख कोमट होती.

आम्ही ती संग्रहालयात नेली, चुलीत ओतली, वर लाकडं रचली. थोड्याच वेळात भिंतींतून डिंकाचा वास सुटला. माझ्या चष्म्यावर धुकं आलं. सौना तापला होता. रेइनो बाकावर बसून लहान मुलासारखा रडला.

निघताना त्याने एक पळी पाणी जास्तीचं टाकलं.

दार लोटल्यावर तो म्हणाला, "मावशीला सांगून टाकू. सगळं. आपण खोटं बोललो म्हणून."

"आता कशाला? झालं ना काम. तिला झोपू दे."

"ताई, मी राख टाकली, ती मी उचलली. तुझं तू बघ."

दुसऱ्या दिवशी मी एकटीच गेले. मावशी ताजीतवानी दिसत होती.

"रात्री तो आला नाही," ती म्हणाली. मग माझा हात धरला. "राख पहिल्या दिवसापासून आत होती ना? मी उगाच शंका घेतली ना तुमच्यावर?"

मला सांगता आलं असतं.

मी म्हटलं, "हो मावशी. पहिल्या दिवसापासून."

त्याला तीन आठवडे झाले. संग्रहालयातला सौना छान तापतो, लोक रांग लावतात. शेतातल्या त्या जागेवर आता बर्फ साचला आहे.

काल परिचारिकेचा फोन आला. मावशी शनिवारी पुन्हा जागी राहते.

मी गेले. मावशीने पांघरूण पायथ्याकडे सारलं होतं.

"तो म्हातारा पुन्हा आला?"

"नाही गं. तो गेला, सुखी आहे," मावशी म्हणाली. "आता एक बाई येते. अंधार पडला की. कुडकुडत बसते. मी म्हणते, वर बघ, तर बघत नाही... मान खाली घालूनच बसते."

"कोण आहे?"

मावशी माझ्याकडे बघत राहिली.

गेल्या शनिवारी अंधार पडताना मी कचेरीत होते. पेपराचं पान लावत होते. हे मला नीट आठवतं. तरी आज सकाळी वेर्नरला विचारलं. तो माझ्या समोरच्या टेबलावर बसतो.

"होतीस की," तो म्हणाला. "खुर्चीतच होतीस. पण तीन हाका मारल्या, ओ दिली नाहीस. खांद्याला हात लावला तर..."

त्याने तो हात खिशात घातला.

"बर्फासारखी गार होतीस."