हिरवी टिकली

त्या काळात ताप आलाय का, हे कोणी कपाळाला हात लावून बघत नसे. प्रत्येकाच्या कानामागे ज्वरटिकली असायची. मसुराच्या डाळीएवढी ती चकती अंगातली उष्णता, नाडी आणि रक्तातली सुजेची रसायनं मोजायची, त्यात माणसानं घेतलेल्या लसींचा हिशेब मिसळायची आणि रंग दाखवायची. हिरवा म्हणजे घरीच बरं वाटेल, तांबडा म्हणजे दवाखाना गाठा.

मिरजेच्या एका वसतिगृहात अल्फिया मुजावर दुपारी प्रॅक्टिकल आटोपून खोलीवर आली, तेव्हा तिची रूममेट हिमानी सोनटक्के पडदे लावून, डोळ्यांवर ओढणी घेऊन पडली होती. सकाळपासून तापानं फणफणली होती. टिकली मात्र हिरवीगार.

"डोकं फुटतंय गं. उजेड नको," हिमानी पुटपुटली.

"उठ, दोन घास खा."

अल्फियानं तिला बसवलं, पण मान लाकडासारखी ताठ. अल्फिया तिची हनुवटी छातीला टेकवायला गेली तशी हिमानी कळवळली. चादर सरकली आणि पोटरीवर जांभळट ठिपके दिसले. तिनं काचेचा ग्लास त्यांवर दाबून पाहिला. साधं पुरळ दाबलं की फिकं पडतं. हे ठिपके काचेखालीही तसेच होते. मेंदूज्वराची ही खूण कॉलेजात पहिल्याच आठवड्यात शिकवली होती आणि सगळ्यांनी हसण्यावारी नेली होती.

तिनं रुग्णवाहिकेला फोन लावला.

"टिकली कोणत्या रंगाची?" पलीकडच्या माणसानं विचारलं.

"हिरवी. पण तिची मान..."

"मेंदूज्वराची लस झालीय?"

"झालीय."

"मग ताई, गाडी सोडता येत नाही मला."

टिकली काढणं गुन्हा होता. अल्फियानं ती नखानं उचकटली.

"दादा, आता टिकलीच नाहीये. आता काय नियम आहे?"

पलीकडचा माणूस हळूच म्हणाला, "टिकली नसली तर धोका धरून चालायचं. गाडी निघाली बघा."

दवाखान्यात डॉक्टर खरोटेबाईंनी हिमानीला पाहताक्षणी प्रतिजैविकाचं इंजेक्शन दिलं, तपासण्या मागाहून केल्या. संध्याकाळी त्या बाहेर आल्या.

"वाचली. आणखी उशीर झाला असता तर काही सांगता आलं नसतं."

अल्फिया भिंतीला टेकून खालीच बसली आणि रडायला लागली. डॉक्टरही तिच्याशेजारी बसल्या.

"मॅडम, लस घेतली होती ना तिनं?"

"घेतली होती, म्हणूनच टिकली फसली. हा जंतू अंगावर कोट घालून फिरतो आणि लस त्या कोटावरून त्याला ओळखते. माहीत असलेल्या कोटांचे जंतू ती रोखते, हजारो पोरं त्यामुळे जगलीत. यानं वेगळाच कोट घातला होता. लस झालीय म्हणजे हा आजार नाहीच, असं टिकलीनं धरलं."

"मग टिकलीवर विश्वास ठेवायचा की नाही?"

"ठेवायचा. पण माणूस आजारी दिसतोय का, हे आपणच बघायचं." त्यांनी एक गोळी पुढे केली. "ही घे. तुझ्या घशातही तो जंतू असू शकतो."

तिसऱ्या दिवशी हिमानी उशीला टेकून बसली होती. नवी टिकली हिरवी होती. अल्फिया डावीकडच्या स्टुलावर बसून हलक्या आवाजात हॉस्टेलच्या गमती सांगत होती. हिमानी हसत नव्हती, नुसती समोर बघत होती.

"हिमू, ऐकतेयस ना?"

उत्तर नाही. ऐकू येणं टिकलीच्या हिशेबातच नव्हतं.

मेंदूज्वर कधीकधी कान घेऊन जातो; हिमानीचा डावा कान गेलाय, हे अल्फियाच्या लक्षात आलं. ती उठली, पलंगाला वळसा घालून उजवीकडे आली आणि तीच गंमत पुन्हा पहिल्यापासून सांगू लागली. हिमानी खळखळून हसली.