दुधाळ तेल

"तिसऱ्यांदा झालं हे," म्हणत बोटवाल्याने बाटली टेबलावर ठेवली. बोटीच्या मोटारीच्या गिअरबॉक्समधलं ते तेल दुधाळ झालं होतं. "पाणी शिरलंय. निघण्याआधी खालचा स्क्रू सैल करून थेंब बघायची सवय आहे, म्हणून वाचलो. नाहीतर भर समुद्रात गिअर बसले असते. हे त्या मेकॅनिकचंच काम. उद्या त्याला धक्क्यावरून हाकलणार आहेत."

ताईने बाटली ठेवून घेतली. लोकांच्या अशा भानगडींचा छडा लावणं हा तिचा धंदा; धाकट्या भावाला त्यातलं फारसं कळत नसे. पण बायको वारल्यापासून घर खायला उठे, म्हणून तो तिच्या मागोमाग फिरायचा.

मेकॅनिक चिडलेलाच होता. "सील नवं, वायसर नवे. हवा भरून तपासलं, कुठेही गळत नाही. स्वच्छ तेल त्यांनी स्वतः पाहिलं, मगच मोटार घरी नेली."

बोटवाल्याच्या चुलतभावाने हात झटकले. "भांडण आहे, नाही कशाला म्हणू? दोन वर्षं त्याच्या दारात पाऊल टाकलेलं नाही."

बोटवाल्याच्या घरी मोटार मागच्या खोलीत लाकडी घोडीवर टांगलेली होती. त्याच्या बायकोने चहा दिला. ताईच्या भावाने हात पुसायला पंचा घेतला, तर त्याला गंधकासारखा उग्र वास.

"गिअरतेल," तो ताईला म्हणाला. "नवऱ्याचे हात, दुसरं काय."

"मोटार आणल्यापासून परवापर्यंत हे गावाला होते," बायको पटकन म्हणाली. "पंचा कालच धुतलाय." आणि तिने पंचा त्याच्या हातातून काढून घेतला.

ताईने बाटलीच्या तळाशी बसलेलं पाणी चमच्यात घेऊन चुलीवर आटवलं. मग बोटवाल्यासमोर मेकॅनिकलाही बोलावून घेतलं.

"चमच्यात मीठ राहिलं नाही. म्हणजे हे पाणी समुद्राचं नाही, घरातलं आहे. तेल इथे आलं तेव्हा स्वच्छ होतं, म्हणून मेकॅनिक सुटला. चुलतभाऊ या घरात येत नाही. पंच्याला वास आहे, पण काल तो धुतल्यावर तुम्ही मोटारीला हात लावलात?"

"नाही," बोटवाला म्हणाला. "थेंब परवाच पाहिला. काल दिवसभर धक्क्यावर होतो."

"मग पाणी ओतताना सैल राहिलेला वरचा स्क्रू काल घरातल्याच कुणीतरी घट्ट केला आणि हात पंच्याला पुसले. आणि वैऱ्याने मोटार समुद्रात बंद पडेल असं केलं असतं. हे करणाऱ्याला तुम्ही आधी थेंब बघता हे ठाऊक होतं. तुम्ही बुडावं असं तिला वाटत नव्हतं. किनाऱ्यावर राहावं, एवढंच."

बायको पदराशी चाळा करत उभी होती.

"मोटार बिघडली की हे चार दिवस घरी जेवतात," ती म्हणाली. "मेकॅनिकदादांवर बालंट येईल असं मनातही आलं नाही."

"मला सांगायचं ना," बोटवाला म्हणाला.

"कधी? येता ते झोपायला. उठता तेव्हा भरती बघता."

बोटवाला उठून मेकॅनिकला म्हणाला, "चल, धक्क्यावर सगळ्यांसमोर चूक कबूल करतो." दारात थांबून मागे वळला. "तूही चल. येताना किनाऱ्याने चालत येऊ."

ती चपला शोधू लागली. भाऊ मात्र थंड झालेला चहा हातात धरून तसाच बसून राहिला. शेवटी ताईने त्याच्या हातातून कप काढून घेतला.